कॅनबेरा पायी: ट्रॅमच्या थांब्यापासून थेट रानात

पायपीट

कॅनबेरात नव्याने आलेले लोक पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, "शहर नेमकं कुठे आहे?" रस्ता घराघरांतून जातो, मग अचानक टेकडी लागते, टेकडीपलीकडे पुन्हा घरं. हे आपोआप झालेलं नाही. वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन महोनी ग्रिफिन यांचा आराखडा १९१२ साली स्पर्धेत निवडला गेला. त्यात टेकड्या हाच शहराचा सांगाडा होता. टेकड्यांवर घरं चढवायची नाहीत, वस्ती खालच्या सपाटीला, हे धोरण पुढेही बरंचसं टिकलं. आज या टेकड्या 'कॅनबेरा नेचर पार्क' नावाखाली तीसहून जास्त राखीव तुकड्यांत सांभाळल्या जातात. म्हणून इथे 'आधी शहर बघू, मग एखादा ट्रेक करू' अशी वाटणी करू नका. दोन्ही एकाच चालीत होतात, आणि तसे केले तरच हे शहर नीट कळतं.

इथले लोक ज्याला 'बुश' म्हणतात त्याला जंगल म्हणणं मला पटत नाही. विरळ निलगिरी, मधे गवत, पायाखाली खडी, असं ते दृश्य. मी रान म्हणतो.

सुरुवातीला हा एक रस्ता करा. एकूण १६ ते १८ किमी, थांबे धरून ६-७ तास.

अलिंगा स्ट्रीट हे ट्रॅमचं शेवटचं ठाणं. तिथून कॉन्स्टिट्यूशन अॅव्हेन्यूने पूर्वेला चालत अँझॅक परेडवर या. या रुंद रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात विटांचा लाल चुरा पसरलाय. वर युद्धस्मारक म्हणजे वॉर मेमोरियल, त्याच्या मागे माउंट एन्स्ली. इथपर्यंत अडीच-तीन किमी होतात आणि चढ जाणवतही नाही. स्मारकाच्या मागच्या ट्रेलोर क्रेसंटवरून टेकडीची वाट सुरू होते. वाटेवर दुसऱ्या महायुद्धातल्या कोकोडा लढाईचे फलक लावलेत. माथा ८४३ मीटरवर आहे. अंतर साधारण सव्वादोन किमी, चढ सव्वादोनशे मीटरच्या आसपास, बराच भाग पक्का बांधलेला आणि शेवटी पायऱ्या. सवयीच्या माणसाला ४० मिनिटं, बाकीच्यांना तास.

माथ्यावरच्या कठड्याशी उभं राहिलं की ग्रिफिनांची रेघ समोर दिसते: युद्धस्मारकाचा घुमट, परेडचा लाल पट्टा, बर्ली ग्रिफिन तलाव, जुन्या संसदेची पांढरी इमारत (१९२७) आणि मागे नव्या संसदेचा (१९८८) ८१ मीटरचा ध्वजस्तंभ. सगळं एका ओळीत. मॅरियनबाईंनी स्पर्धेसाठी केलेल्या चित्रांतलं सर्वांत प्रसिद्ध चित्र याच जागेवरचं आहे, आणि त्यांनी तेव्हा ही जागा प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती.

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. गाडीरस्ता सोडा आणि 'सेंटेनरी ट्रेल' या शहराभोवतीच्या लांब पायवाटेच्या खुणांचे खांब बघत उत्तरेला उतरा. खाली डावीकडे हॅकेट उपनगराची घरं लागतात. तिथल्या खिंडीसारख्या भागातून पुढे माउंट मजुराचा चढ आहे. मजुरा ८८८ मीटर, या भागातली सर्वांत उंच टेकडी. उतरून वॉटसनला या आणि फिलिप अॅव्हेन्यूच्या थांब्यावर ट्रॅम पकडा. बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला टेकवलं की झालं.

अनुभवी मंडळींनी भर घालावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

---

हॅकेटकर

रस्ता उत्तम दिलात. दोन दुरुस्त्या.

एक, दिशा. काही जण ही चाल उलटी करतात, आधी मजुरा आणि शेवटी एन्स्ली. तसं करू नये. एन्स्लीवरून शहर नैर्ऋत्येला दिसतं. सकाळी ऊन पाठीशी असतं आणि तलाव स्वच्छ दिसतो. दुपारी ३ नंतर तेच ऊन समोरून येतं, फोटोत पांढरा धूर आणि डोळ्यांत चमक. त्यामुळे एन्स्ली सकाळी, मजुरा नंतर.

दुसरी गोष्ट अर्ध्यावरून सुटण्याची. एन्स्ली उतरून हॅकेटच्या बाजूला आलात आणि पाय बोलायला लागले, तर मजुराचा नाद सोडा. उपनगरातून पश्चिमेला सरळ चालत डिक्सनच्या ट्रॅम थांब्यावर निघता येतं. हॅकेटच्या छोट्या दुकानांपाशी खायला मिळतं. मजुराच्या चढाला लागल्यावर मात्र वॉटसनपर्यंत काहीच नाही.

---

फिरस्ता

पाण्याचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

सह्याद्रीची सवय असलेल्यांची इथे पहिली चूक पाण्याची होते. गडावर टाकं असतं, वाटेत एखाद्या मावशींचं ताक-लिंबूपाणी असतं. इथल्या डोंगररांगेवर यातलं काही नाही. ओढे दिसतात, पण बरेच कोरडे असतात, आणि शहरातून वाहणाऱ्या सलिव्हन्स क्रीकचं पाणी रस्त्यांवरून धुऊन आलेलं असतं. तलावात उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ धरतं. ते उकळलं तरी त्यातलं विष जात नाही, म्हणून तलावाचं पाणी पिण्यासाठी धरूच नये.

वरच्या चालीला डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, माणशी ३ लिटर, एप्रिल ते सप्टेंबर दीड लिटर. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर टिकत नाही, लगेच उडून जातो. शर्ट कोरडा म्हणजे पाणी गेलेलंच नाही, असं वाटतं. मुंबई-कोकणातून आलेल्यांना हे हमखास फसवतं. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन-चार मोठे घोट घ्या. शर्टावर पांढरी मिठाची रेघ दिसली तर पाण्याबरोबर खारे शेंगदाणे किंवा चिवडा काढा.

---

नकाशावाली

दिशेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चुकण्याचं मूळ यात आहे.

१) इथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो. भारतात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात 'दुपारचं ऊन म्हणजे दक्षिण' हे इतकं पक्कं असतं की ढगाळ नसलेल्या दिवशीही तो १८० अंशांनी उलटा निघतो. उत्तर उतार तापलेले, कोरडे, विरळ. दक्षिण उतार सावलीचे, जरा दाट, हिवाळ्यात दहा-दहा वाजेपर्यंत दंव धरून ठेवणारे.

२) होकायंत्र. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जवळजवळ शून्य, म्हणून तो तपासायची सवय लागत नाही. कॅनबेरात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या साधारण १२ अंश पूर्वेला आहे. दुरुस्ती विसरलात तर एक किलोमीटर चालल्यावर दोनशे मीटर बाजूला पोचता. भारतातून आणलेल्या होकायंत्राची सुई इथे एका टोकाला कलते आणि डबीला घासून अडकते, कारण सुईचा तोल त्या त्या भागासाठी धरलेला असतो. इथेच घ्या.

३) सर्वांत महत्त्वाचं: मळलेली वाट म्हणजे माणसांची वाट असं नाही. कांगारूंच्या वाटा अगदी तितक्याच मळलेल्या असतात. त्या ओळखायच्या कशा?

कांगारूची वाट वीतभर, फार तर दीड वीत रुंद. जमिनीपाशी ती स्वच्छ असते, पण कमरेच्या वर फांद्या आडव्या येतात. तारेच्या कुंपणाशी ती थांबत नाही, खालून निघून जाते आणि तारेला राखाडी केस अडकलेले दिसतात. थोड्या अंतराने तिला दोन-तीन फाटे फुटतात आणि सगळे फाटे गवतात विरून जातात, कारण कळप तिथे चरायला पांगतो. माणसांची वाट डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळी असते, तिच्यावर बुटांचे किंवा सायकलचे ठसे असतात आणि ती फाटकाकडे जाते. तोंडावर फांदी आली की थांबा, शेवटच्या खांबापर्यंत मागे या.

४) 'फायर ट्रेल' म्हणजे अग्निशमनाच्या गाड्यांसाठी ठेवलेला रुंद कच्चा रस्ता. गोंधळ झाला की फायर ट्रेल शोधा. तो कुठल्या ना कुठल्या फाटकापर्यंत नेतोच, आणि फाटकापलीकडे घरं असतात.

---

गंगालीनकर

नकाशावाली ताई, कुंपणाच्या तारेवरचे केस हे फार नेमकं सांगितलंत.

उतारावरच्या खडीबद्दल. एन्स्ली आणि मजुरा हे जुन्या ज्वालामुखी खडकाचे. तो झिजून वाटाण्याएवढी खडी होते आणि खाली टणक माती. म्हणजे फरशीवर छर्रे सांडल्यासारखं. मजुराच्या फायर ट्रेलवर लोक चढताना पडत नाहीत, उतरताना पडतात आणि बहुतेक वेळा मागे हात टेकवून मनगट दुखावून घेतात. उतरताना पावलं छोटी टाका, गुडघे वाकलेले ठेवा आणि पाय सपाट ठेवा, टाच आधी टेकवू नका. वाटेच्या मध्यापेक्षा कडेला चाला, कारण तिथे गवताची मुळं खडी धरून ठेवतात. तळ गुळगुळीत झालेले धावण्याचे बूट चालणार नाहीत. काठ्या असतील तर टोकाचं रबर काढून ठेवा.

---

बॉटनीवाली

एकाच टेकडीचा अर्धा दिवस हवा असेल तर ब्लॅक माउंटन, ८१२ मीटर. अलिंगा स्ट्रीटवरून पश्चिमेला विद्यापीठाच्या आवारातून, सलिव्हन्स क्रीक ओलांडून क्लुनीज रॉस स्ट्रीटवर या. समोर राष्ट्रीय वनस्पती उद्यान. उद्यानातून वर जाणारी वाट ब्लॅक माउंटनच्या रानात शिरते, फाटकापासून माथ्यापर्यंत जाऊन येऊन साधारण ५ किमी. उद्यान संध्याकाळी ५ ला बंद होतं. त्यामुळे दुपारी ३ नंतर या बाजूने वर जाऊ नका, किंवा परत येताना दुसऱ्या वाटेने थेट रस्त्यावर उतरा.

एन्स्लीवरून इथे आलात की पायालाच फरक कळतो. हा वाळूचा खडक आहे. माती हलकी, गवत कमी, झाडं बारकी आणि वाकडी. इथे स्क्रिब्ली गम ही निलगिरी शोधा. पांढऱ्या गुळगुळीत खोडावर कुणीतरी पेन्सिलने नागमोडी रेघा ओढल्यासारख्या दिसतात. एका अतिलहान पतंगाची अळी जुनी साल आणि नवी साल यांच्या मधे पोखरत जाते. एका टोकाशी वळते आणि आपल्याच रेघेला समांतर परत येते. जुनी साल गळून पडली की तिचा माग उघडा होतो. जवळ जाऊन बघितलं तर रेघ एका टोकाला बारीक आणि दुसरीकडे जाड दिसते, कारण पोखरता पोखरता अळी वाढत असते. खोडावर नाव कोरणाऱ्यांना हे दाखवावं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात याच उतारांवर जमिनीतून येणारी ऑर्किडं फुलतात. बोटभर उंचीची असतात, वाटेबाहेर एक पाऊल टाकलं तरी चिरडतात. फोटो वाटेवरूनच घ्या.

टेकड्यांच्या पायथ्याशी मात्र वेगळं रान लागतं: यलो बॉक्स आणि ब्लेकलीज रेड गम या निलगिऱ्यांची मोठी, पसरलेली झाडं आणि खाली गवत. हा प्रकार ऑस्ट्रेलियात अत्यंत धोक्यात आहे, कारण मेंढ्यांना आणि गव्हाला हीच जमीन हवी होती. जुन्या खोडातली ढोली तयार व्हायला शंभरावर वर्षं जातात आणि पोपट, काकाकुवे त्यातच अंडी घालतात. पडलेली लाकडं 'साफसफाई राहिली' म्हणून पडलेली नसतात, ती मुद्दाम ठेवलेली असतात. मलिगन्स फ्लॅट या उत्तरेकडच्या राखीव रानातल्या प्रयोगात तर २,००० टन लाकूड बाहेरून आणून टाकलं गेलं. तेव्हा बसायला ओंडका ओढू नका, काटक्या गोळा करू नका.

---

फिरस्ता

बॉटनीवाली, मोठ्या झाडाखाली बसण्याबद्दल एक जोड. जुन्या निलगिऱ्या वारा नसतानाही, कडक उन्हाच्या शांत दुपारी जाडजूड फांदी टाकतात. डबा उघडायचा तो फांद्यांच्या घेराबाहेर.

---

नवी_पालवी

आई-बाबा येणार आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास. चालायची सवय आहे, चढ नको. शिवाय सापांची त्यांना फार भीती आहे. ऑक्टोबरात काय करता येईल?

---

पायपीट

नवी_पालवी, तलावाचा मधला भाग. कॉमनवेल्थ अॅव्हेन्यू आणि किंग्ज अॅव्हेन्यू या दोन पुलांमधली फेरी साधारण ५ किमी, पूर्ण सपाट, पक्की, बाकं आणि स्वच्छतागृहं असलेली. राष्ट्रीय वाचनालय, कलादालन, कॅरिलॉनचा म्हणजे घंटांचा मनोरा सगळं वाटेतच. सकाळी लवकर करा. दुपारनंतर तलावावरून वारा सुटतो, आणि ऑक्टोबरातही त्याला धार असते. कानटोपी बरोबर असू द्या.

रान दाखवायचं तर वनस्पती उद्यानातली मुख्य फेरी. पक्की वाट, पाट्या वाचत तासभर लागतो. एन्स्लीवर गाडीनेही जाता येतं. त्यांना वर सोडा, तुम्ही चालत चढा, माथ्यावर भेटा.

ऑक्टोबरात सापापेक्षा मॅगपायची काळजी घ्या. काळा-पांढरा पक्षी, ऑगस्ट ते ऑक्टोबर घरट्याचा काळ. घरट्याच्या शंभरेक मीटरच्या आत कुणी आलं की नर मागून डोक्यावर झडप घालतो. हात हलवू नका, पळू नका, दगड तर मुळीच मारू नका. हा पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो आणि पुढच्या वर्षीही त्याच माणसाच्या मागे लागतो. छत्री उघडून, त्याच्याकडे तोंड ठेवून शांतपणे त्या टापूतून बाहेर पडा. सायकल असेल तर उतरून ढकलत न्या. म्हाताऱ्या माणसाला चोचीपेक्षा दचकून पडण्याने जास्त लागतं.

---

पट्टी_बांधा

सापाबद्दल नीट लिहिते, कारण भारतात शिकलेलं इथे लागू होत नाही.

कॅनबेराच्या गवतात मुख्यतः ईस्टर्न ब्राउन, पाणथळ जागी लाल पोटाचा काळा साप आणि टायगर स्नेक. साधारण सप्टेंबर ते एप्रिल ते बाहेर असतात. ऑक्टोबरात सकाळी ऊन खायला वाटेवरच पडलेले असतात. साप दिसला की थांबा, चार-पाच मीटर मागे या, त्याला जाऊ द्या. दंश झालेल्यांत बरेच जण सापाला मारायला किंवा उचलायला गेलेले असतात.

आपल्याकडे घोणस आणि फुरसं यांचं विष दंशाच्या जागचं मांस कुजवतं, म्हणून तिथे घट्ट पट्टी बांधू नका असं सांगतात. इथले साप वेगळ्या कुळातले. त्यांचं विष जागेवर फारसं नुकसान करत नाही, पण लसिकावाहिन्यांतून अंगभर पसरलं की रक्त आणि मज्जासंस्था बिघडवतं. म्हणून इथे दाबपट्टी आणि पूर्ण स्थिरता हाच प्रथमोपचार.

माणसाला आहे तिथेच आडवं करा. एक पाऊलही चालू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष वर ढकललं जातं. ००० ला (इथला आपत्कालीन क्रमांक) फोन करा. दंश धुऊ नका, पुसू नका, कापू नका, चोखू नका. त्वचेवर राहिलेल्या विषावरून रुग्णालयात सापाचा गट ओळखायला मदत होते. १५ सेंमी रुंदीची ताणणारी पट्टी आधी दंशावर बांधा. मग दुसरी पट्टी बोटांपासून सुरू करून वर जांघेपर्यंत किंवा काखेपर्यंत, पूर्ण अवयवावर. घट्टपणा मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितका. बोटांची टोकं उघडी ठेवा, ती निळी-थंड पडली तर पट्टी जास्त आवळली गेली आहे. विजार काढत बसू नका, तिच्यावरूनच बांधा. मग काठी किंवा गुंडाळलेलं जाकीट लावून अवयव हलणार नाही असा करा. दंशाच्या जागी पट्टीवर पेनाने खूण आणि वेळ लिहा. पट्टी रुग्णालयातच सुटते, तोवर कुणीही ती सैल करायची नाही.

दंश झाल्यावर सुरुवातीला बरेचदा दुखत नाही, व्रणही ओरखड्याइतकाच असू शकतो. ईस्टर्न ब्राउनचे दात लहान असतात. 'फक्त खरचटलं' म्हणून चालत राहणं हीच जीव घेणारी चूक. शंका आली तरी पट्टी बांधा.

दोन पट्ट्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात हव्यात, तळाशी नव्हे. घरी एकदा एकमेकांच्या पायावर बांधून बघा. पहिल्या वेळी प्रत्येकाची पट्टी गुडघ्यापाशीच संपते.

---

हॅकेटकर

फार उपयोगी. ००० ला जागा कशी सांगायची तेही हवं. फोनमध्ये 'इमर्जन्सी प्लस' हे सरकारी अॅप घालून ठेवा. ते अक्षांश-रेखांश पडद्यावर दाखवतं, तेवढे वाचून दाखवायचे. 'मजुराच्या मागच्या बाजूला' एवढ्याने रुग्णवाहिका पोचत नाही. कुठल्या उपनगराच्या कुठल्या रस्त्यावरच्या फाटकातून आत शिरलात तेही लक्षात ठेवा, कारण गाडीला तिथूनच यायचं असतं.

कांगारूंबद्दल. करड्या रंगाचे ईस्टर्न ग्रे कळपाने असतात आणि बहुतेक वेळा स्वतःच दूर होतात. एखादा मोठा नर शेपटीवर रेलून पूर्ण उंच उभा राहिला, छाती खाजवायला किंवा घुरघुरायला लागला, तर नजर खाली, अंग थोडं वाकवून मागे मागे या. कुत्रा बरोबर असेल तर दोरी आखूड धरा. मे ते जुलैच्या दरम्यान काही राखीव भागांत कांगारूंची संख्या कमी करण्यासाठी शिकार होते आणि ते भाग संध्याकाळपासून सकाळपर्यंत बंद असतात. फाटकावर वेळांची पाटी असते. ती न वाचता 'सूर्यास्त बघून उतरू' म्हणून शिरू नका.

---

थंडीवाला

हिवाळ्याचं मी लिहितो. जून-जुलैत पहाटे उणे ५ अंश नवीन नाही, आणि दिवस छोटा: सकाळी सव्वासातच्या आसपास उजाडतं, संध्याकाळी ५ ला सूर्य गेला. ६-७ तासांची चाल असेल तर ८ ला पाऊल टाकलंच पाहिजे.

गंमत अशी की सर्वांत थंड जागा चालीच्या सुरुवातीला लागते. रात्री जड थंड हवा खाली साचते आणि तलावावर धुकं बसतं. एन्स्लीचा माथा त्याच वेळी दोन-चार अंश उबदार असू शकतो. लोक खालच्या थंडीला घाबरून जाड जाकीट घालतात, चढावर घामाने भिजतात आणि माथ्यावर वाऱ्यात तोच घाम गार पडून कापायला लागतात. सुरुवातीला थोडं गारठल्यासारखं वाटेल इतकेच कपडे घाला. आत लोकरी बनियन, वर पातळ स्वेटर, पिशवीत वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन नको, भिजलं की सुकत नाही.

पायऱ्यांवर आणि लाकडी फळ्यांवर दंवाचा काचेसारखा थर असतो. सावलीतल्या पायऱ्यांवर कठडा धरूनच उतरा.

---

गंगालीनकर

उन्हाळ्याचं मी जोडतो. नोव्हेंबरपासून गवताला कुसळं धरतात. आपल्या माळावरच्या कुसळीसारखीच, टोकाला सुई आणि मागे पिळलेली शेपटी. ओलावा लागला की पीळ सुटतो आणि सुई आत शिरते. विणलेल्या मोज्यातून ती घोट्यापर्यंत जाते. गुळगुळीत कापडाची लांब विजार आणि बुटावर गेटर (घोटा-पोटरी झाकणारं जाड कापड) घाला, सापासाठीही तेच बरं.

आगीचा काळ १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. धोक्याच्या पायऱ्या चार: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. एक्स्ट्रीम असेल त्या दिवशी रानात जाऊच नये. १८ जानेवारी २००३ ला आग पश्चिमेकडून शहरात शिरली, चार जण गेले आणि पाचशेच्या आसपास घरं जळाली. धूर दिसला तर उंचावर जाऊन बघायचा मोह आवरा. चढावर आग धावते: दर १० अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. खाली उतरा, घरांच्या, डांबरी रस्त्याच्या किंवा कापलेल्या मैदानाच्या दिशेने.

---

फिरस्ता

ज्यांची वरची चाल झाली आहे त्यांच्यासाठी पुढचं.

मलिगन्स फ्लॅट: गंगालीनच्या ट्रॅम ठाण्यापासून फोर्ड उपनगरातल्या अॅमी अॅकमन स्ट्रीटच्या फाटकापर्यंत चालत साडेतीन-चार किमी. कोल्हे-मांजरं आत येऊ नयेत म्हणून २००९ मध्ये पहिलं ११.५ किमीचं कुंपण घातलं. त्यानंतर २०१२ पासून बेटाँग आणि २०१६ पासून ईस्टर्न क्वोल हे पोटाला पिशवी असलेले छोटे प्राणी तिथे परत आणले. कुत्रा अजिबात नाही. फाटक मागे लागलं का, ते हाताने ओढून बघा. एक मांजर आत गेलं तर कित्येक वर्षांचं काम संपतं.

मुरमबिजी नदीकाठ: पॉइंट हट क्रॉसिंग ते कॅज्युरीना सँड्स, २७ किमी. एका दिवसाला जास्त होतं, मधल्या कंबा पूलला तोडून दोन दिवसांत करा. दोन्ही टोकांना बसचा भरवसा नाही, गाडीची सोय हवी.

माउंट टेनंट, १,३७५ मीटर: नमॅड्जी राष्ट्रीय उद्यानाच्या थार्वाजवळच्या केंद्रापासून जाऊन येऊन १५ किमीच्या आसपास. चढाई कळसूबाईला बारीतून लागते तिच्या जवळपास, फक्त शिड्या नाहीत. आत शिरलं की फोनची रेंज धरून चालू नका. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन (उपग्रहाला मदतीचा संकेत पाठवणारं यंत्र) बरोबर हवा, त्याची नोंदणी मोफत होते.

---

नवी_पालवी

सगळ्यांचे आभार, छत्री आणि दोन पट्ट्यांची नोंद केली. सेंटेनरी ट्रेल पूर्ण करणं शक्य आहे का, तेही तंबूशिवाय?

---

नकाशावाली

हो, आणि बहुतेक लोक तसाच करतात. शहराच्या शताब्दीला, २०१३ मध्ये तो सुरू झाला. संसद भवनापासून निघून परत तिथेच येणारं १४५ किमीचं वर्तुळ, चालत साधारण ७ दिवस. वाटेवर मुक्कामाची अधिकृत जागा उत्तर सीमेवरची एकच आणि ती आधी नोंदवावी लागते. म्हणून दर शनिवारी एक तुकडा करा, संध्याकाळी घरी या, पुढच्या वेळी तिथूनच पुढे.

तुकडे पाडताना अंतर नव्हे, बसचे थांबे बघा. नकाशावर ट्रेल जिथे उपनगराला चिकटून जातो त्या जागा आधी पेन्सिलने खुणा करून ठेवा, मग त्या जागांच्या बस बघा. शनिवार-रविवारी उपनगरातल्या बस तासा-दोन तासांनी असतात, 'आर'ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या वारंवार येतात. शेवट नेहमी 'आर'च्या थांब्यावर पाडा आणि सुरुवात विरळ बसच्या ठिकाणी. सकाळची बस ठरलेल्या वेळेला पकडता येते, संध्याकाळी तुम्ही किती वाजता उतराल ते खडी आणि पाय ठरवतात.

उत्तर सीमेचा तुकडा उघडा आहे, सावली फार कमी. तो मे किंवा ऑगस्टात घ्या. मजुरा-एन्स्लीचा सप्टेंबरात घेतलात तर उतारांवर वॅटल (इथली बाभूळ) पिवळीधमक फुललेली असते.